वडिलोपार्जित मिळकतीलाही मुदत असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील कायदेविषयक प्रश्नोत्तरांत गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारले होते की, गावच्या सामाईक मिळकतीतला हिस्सा मागायला फार वर्षे लोटली आहेत, आता काय करावे? उत्तर एका ओळीचे होते. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा केव्हाही मागता येतो, त्याला मुदत नसते, असे. ते वाचून मी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या काकूला अनेकांनी सांगितले होते. चाळीतल्या शेजाऱ्यांनी सांगितले, तहसीलबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने सांगितले, मुंबईच्या एका वकिलानेही सांगितले. त्या वाक्यावर विसंबून तिचा हिस्सा गेला. आणि तो घालवणाऱ्यांत मी होतो. पत्र लांबणार आहे. जागेअभावी काही गाळावे लागले तर माझी कहाणी गाळावी, मुदतीचा भाग ठेवावा.

मी राजापूर तालुक्यातला. जैतापूरच्या खाडीवर आमचा गाव. टपाल खात्यात ३६ वर्षे नोकरी करून २०२३ साली निवृत्त झालो. आजोबा १९५९ साली गेले, मागे तीन मुलगे: माझे वडील थोरले, मग मधले काका आणि धाकटे काका. मिळकत म्हणजे मोठ्या पडवीचे कौलारू घर, मागे माडापोफळींचे आगर, मळ्यात भाताचे सात कुणगे आणि सड्यावर हापूसची ४१ कलमे. वाटणी कधी झालीच नाही. सातबाऱ्यावर वडिलांचे एकट्याचे नाव आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरे. एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरे ज्या उताऱ्यावर आहेत किंवा एके काळी होती, त्या बहुतेक घरांत असा कोणीतरी असतो, ज्याचे नाव कागदावर कुठेच नाही पण हिस्सा पुरता आहे. आमच्या घरात तसे दोघे होते.

मधले काका गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि त्यांच्यापुरती गिरणी पुन्हा चालू झाली नाही. १९८८ साली ते गेले. मूलबाळ नव्हते. काकू परळच्या चाळीतल्या खोलीत राहून लोकांचे डबे करायची. पण मे महिन्यात आणि गणपतीला ती गावी आली नाही असे वर्ष मला आठवत नाही. आंबा उतरला की पिकवायची माच लावायला बसायची. गणपतीत स्वयंपाकघर तिच्या हातात असायचे. एका वर्षी पावसाआधी घरावरचे नळे परतायचे होते, तेव्हा तिने डब्यांच्या पैशांतून ३०० रुपये मनीऑर्डरने पाठवले होते. ती मनीऑर्डर मीच चुकती केली, म्हणून आकडा लक्षात आहे.

१९९३ च्या मे महिन्यात तिने पहिल्यांदा काही मागितले. त्या वर्षी वडिलांनी कलमे एका व्यापाऱ्याला कराराने दिली होती आणि पैसे बरे आले होते. ती म्हणाली, “भावोजी, तिसरा वाटा नको मला. खोलीचं भाडं निघेल एवढं द्या, आणि हातपाय थकले की मागची खोली द्या.” एवढेच. वडील भडकले. त्यांचीही एक बाजू होती आणि ती मला आजही खोटी वाटत नाही. कलमे लहान होती तेव्हा कावडीने पाणी नेऊन त्यांनी ती जगवली होती. घरपट्टी, शेतसारा, गडग्याची डागडुजी, गुराढोरांपासून राखण, सगळे त्यांच्या अंगावर पडले होते. गावात राहून राखणाऱ्याला कधी कधी असे वाटू लागते की राखले म्हणजे आपलेच झाले. काकू सुट्टी संपवून मुंबईला गेली. मृग लागला आणि एका संध्याकाळी वडिलांनी मला कागद घ्यायला सांगितला.

त्यांनी तोंडाने जे सांगितले ते रागाचे बोलणे होते. “तिला लिही, आता इथे काही नाही तुझं.” मी तीस वर्षांचा होतो, खात्यात सहा वर्षे झाली होती, कागदी भाषा हाताला सवयीची होती. मी लिहिले: सदर घर, आगर व कलमे यांत तुमचा कोणताही हक्क, हिस्सा अगर संबंध राहिलेला नाही, तरी यापुढे येण्याची तसदी घेऊ नये. खाली वडिलांची सही. १४ जून १९९३, सोमवार. दुसऱ्या दिवशी मी ते पत्र माझ्याच खिडकीत वजन करून, नंबराची चिठ्ठी चिकटवून, पोचेसह रजिस्टर केले. काकूच्या सहीची पोच आठवड्याभरात परत आली. सहीखाली तारीख होती १९ जून. घरपट्टीच्या पावत्यांच्या पत्र्याच्या पेटीत मी ती ठेवून दिली. माझ्या हातून काय घडले, हे मला तेव्हा कळले नव्हते.

आता कायदा. मी वकील नाही, पण या एका कलमापायी मी नऊ वर्षे कोर्टाच्या बाकावर बसलो आहे आणि ते मला पाठ आहे. मुदत अधिनियम, १९६३ ला एक अनुसूची जोडलेली आहे. तिचा अनुच्छेद ११० असे सांगतो की, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून ज्याला वगळले आहे त्याने आपला हिस्सा मिळवण्यासाठी दावा करायची मुदत १२ वर्षे, आणि ही १२ वर्षे वगळल्याचे त्याला कळते त्या दिवसापासून मोजायची. १९०८ च्या जुन्या कायद्यातही अनुच्छेद १२७ मध्ये हीच १२ वर्षे होती. म्हणजे हे काही नवे नाही. आपल्या आजोबांच्या काळापासून आहे.

सारे दोन शब्दांवर तोललेले आहे: वगळणे आणि कळणे. दोन्ही घडल्याशिवाय घड्याळ चालू होत नाही. एक भाऊ गावी राहतो, शेती कसतो, आंबा विकून पैसे खातो, सातबाऱ्यावर त्याचेच नाव आहे, सारा तोच भरतो. एवढ्याने दुसरा भाऊ वगळला गेला असे होत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने ताबा मानतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच हे स्पष्ट केले आहे. एकट्याने उत्पन्न खाल्ले म्हणून तो ताबा इतरांच्या विरुद्ध होत नाही, त्यासाठी दुसऱ्याचा हक्क उघडपणे, त्याला कळेल अशा रीतीने नाकारावा लागतो. फेरफाराचेही तसेच. महसुली नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही. म्हणून वाटणी झालेली नाही आणि कोणी ‘नाही’ म्हटलेले नाही, तोवर तीस काय, पन्नास वर्षांनीही वाटप मागता येते. आपल्या उत्तरातले वाक्य इथपर्यंत खरे आहे. ते इथेच तुटते, हे त्यात सांगितलेले नाही.

कोणी ‘नाही’ म्हटले आणि ते तुम्हाला कळले, की त्या दिवसापासून बारा वर्षे. बारा वर्षे उलटली की नुसती कोर्टाची वाट बंद होते असेही नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मिळकतीवरचा हक्कच संपतो. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाला तो स्वतःहून पाहावा लागतो. आणि अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, तशी दाव्याला मागता येत नाही. काकूच्या वकिलांनी तिच्या आजारपणाचे कागद जोडले होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

तिला उशीर का झाला ते लिहितो, कारण असे कितीतरी जणांचे होत असणार.

पत्र मिळाल्यावर तिने उत्तर दिले नाही. पुढे एकदा तिने मला सांगितले, “आठ दिवस उशीखाली ठेवलं होतं. वाटलं, भावोजी रागात आहेत, राग गेला की बोलावतील.” चारपाच वर्षे ती वाट पाहत राहिली. १९९८ साली तिने सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज केला. आमच्याकडून हरकत गेली. तारखा पडत राहिल्या आणि २००१ साली निकाल आला की हा हक्काचा प्रश्न आहे, दिवाणी न्यायालयात दाद मागावी. तिने प्रांतांकडे अपील केले. ते २००४ च्या पावसाळ्यात फेटाळले. ती सहा वर्षे तिला वाटत होते की आपली केस चालू आहे. दर तारखेला रात्रीच्या गाडीने यायची, एसटी स्टँडवर तोंड धुवायची, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत जायची. आमच्या घरी पाणी प्यायलाही आली नाही. येऊ नये असे मी लिहिले होते ना.

महसुली अर्जाने दिवाणी मुदत थांबली नव्हती. वकिलाची नोटीस पाठवूनही ती थांबत नाही. घड्याळ थांबते ते दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला की. हे तिला कोणी सांगितले नाही. प्रांतांचा निकाल लागला तेव्हा तिच्या हातात जवळजवळ एक वर्ष होते. त्या एका वर्षात तिने विचारले त्या प्रत्येकाने तेच सांगितले, घाई करू नका, वडिलोपार्जित आहे, त्याला मुदत नसते. शिवाय माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. आजारी माणसावर दावा लावायचा नाही असे तिने ठरवले. १९ जून २००५ ला बारा वर्षे भरली. तिला कळलेही नाही. वडील २००७ साली गेले, ती बाराव्याला आली, पानाला बसली. जाताना तिने माझ्या थोरल्या भावाला पुन्हा विचारले. तो म्हणाला, आबांनी जे केले ते केले. फेब्रुवारी २००९ मध्ये तिने दावा दाखल केला. तीन वर्षे आठ महिने उशिरा.

आम्ही प्रतिवादी: थोरला भाऊ एक नंबर, मी दोन, धाकटे काका तीन. काका कोर्टात आलेच नाहीत, गप्प राहिले. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, मुदतीचा मुद्दा घातला आणि १९९३ च्या पत्राची स्थळप्रत व पोच जोडली. पेटी मीच उघडून दिली. कैफियतीवर माझी सही आहे.

उलटतपासणीत आमच्या वकिलांनी तिला पोच दाखवली. ही सही कोणाची? ती म्हणाली, “माझी.” पत्रात काय लिहिले होते ते वाचले होते का? “वाचलं होतं.” त्याचा अर्थ कळला होता का? ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “कळला होता. बाळाच्या अक्षरात होतं.” बाळा म्हणजे मी. सही आठवत नाही असे म्हणाली असती तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. ती तसे म्हणाली नाही.

निकालात न्यायाधीशांनी लिहिले ते मला मान्य आहे. वडिलांचा ताबा, सारा भरणे, सातबारा यांपैकी कशानेही वादी वगळली गेली असे होत नाही. परंतु १९९३ चे पत्र हा स्पष्ट नकार आहे आणि तो वादीला १९ जून १९९३ रोजी कळला हे तिनेच कबूल केले आहे. दावा मुदतबाह्य. ते साल २०१३. जिल्हा न्यायालयातले अपील २०१७ साली फेटाळले. रागाच्या भरात वडील जे बोलले होते ते तोंडीच राहिले असते, किंवा मी ते त्यांच्याच मोघम शब्दांत लिहिले असते, तर त्याला नकार म्हणायचे की नाही यावर वाद झाला असता. मी त्याला कायदेशीर धार दिली. आणि जिच्यासाठी ती धार लावली ती बाई निपुत्रिक विधवा होती. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याकडून वारशाने आलेली तिची मिळकत, मृत्युपत्र केले नसते तर, तिच्या मागे नवऱ्याच्या वारसांकडे म्हणजे आमच्याकडेच परत आली असती. मागची खोली आणि भाड्यापुरते पैसे. एवढ्यासाठी आम्ही नऊ वर्षे लढलो.

२०२० साली ती गेली. टाळेबंदीत आम्हाला जाताही आले नाही.

मुदत असूच नये असे माझे म्हणणे नाही. गावी राहणाऱ्यालाही कधीतरी ठाऊक व्हायला हवे की आता हे आपले. नाहीतर कोण कलमे लावील आणि कोण घर शाकारील? बारा वर्षे हा काळ थोडा नाही. माझे म्हणणे एवढेच की ती मुदत आहे हे ज्याला माहीत नाही त्याला आपण ‘मुदत नाही’ असे छापून सांगू नये.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कोणी उगाच घाबरून जाणार नाही. आमच्याच वाडीत एक कुटुंब आहे, त्यातली एक पाती, म्हणजे शाखा, तीन पिढ्या मुंबईला. सातबाऱ्यावर त्यांचे नाव कधीच नव्हते. पण मूळ घरातल्या गणपतीला ते दर वर्षी येतात, शिधा आणतात, घरपट्टीतला वाटा देतात, हिशेबाच्या वहीत त्याची नोंद आहे. वाद झाला तेव्हा गावच्या पातीने सांगितले की चाळीस वर्षे आम्हीच कसतो. कोर्टाने विचारले, यांना कधी वगळले? कोणत्या तारखेला? सांगता आले नाही. त्यांचा हिस्सा मान्य झाला. माझी काकू आणि हे लोक यांच्यात फरक फक्त एका पाकिटाचा होता.

सारखे लेखी कागदाचे बोलतो आहे, तर एक गोष्ट उमेदीचीही सांगायला हवी. बारा वर्षांच्या आत समोरच्याने सही करून लेखी कबूल केले की तुझा हिस्सा आहे, तर कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. जुन्या आंतरदेशीय पत्रांत असे कितीतरी शब्द असतात: तुझ्या वाटणीचे पैसे पुढच्या खेपेला देतो, तुझी खोली झाडून ठेवली आहे. घरात अशी पत्रे असतील तर पाकिटासकट, टपालाच्या शिक्क्यासकट जपून ठेवावीत. शिक्क्यावरची तारीख बोलते. मी आयुष्यभर तो शिक्का मारत आलो, त्याचे मोल मला कोर्टात समजले.

आणि आत्ताच का लिहितो आहे? मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. रस्त्याकडेच्या जमिनींना एकदम पैसे आले, आणि त्या वेळी मुंबईहून आलेल्या कितीतरी भावांना, चुलत्यांना, विधवांना पहिल्यांदा स्पष्ट सांगितले गेले की तुमचे नाव नाही, तुमचा संबंध नाही. कोणाला संमतिपत्राच्या वेळी, कोणाला प्रांत कार्यालयाच्या जिन्यात, कोणाला वकिलाच्या नोटिशीने. मोबदल्याचा वाद मिटला किंवा विरला, माणसे परत गेली, आणि उरलेल्या जमिनीचे पुढे पाहू म्हणून गप्प बसली. त्यांतल्या ज्यांचा नकार त्या काळातला आहे त्यांची बारा वर्षे आता भरत आली आहेत. काहींची भरलीही असतील. आपला पेपर मुंबईतही वाचला जातो. या लोकांनी तो नकार कधी, कोणाकडून, कशाने कळला ते आठवावे, कागद शोधावा आणि दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे या महिन्यातच जावे. गणपतीला गावी गेल्यावर बोलू, असे करू नये.

बहिणींबद्दल थोडे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा यांच्या प्रकरणात सांगितले. हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पण हक्क असणे आणि तो मागण्याची मुदत शिल्लक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हक्कसोड पत्राची गोष्ट त्याहून कठीण. वारसाच्या नोंदीसाठी सही हवी असे सांगून नोंदणी कार्यालयात नेलेले असते, आणि कागद निघतो हक्कसोडीचा. असा दस्त फसवणुकीचा म्हणून रद्द करून घ्यायची मुदत बारा नाही, तीन वर्षे आहे, फसवणूक कळल्यापासून. अनुच्छेद ५९. माहेर तुटेल म्हणून ही तीन वर्षे गप्प राहण्यात जातात. मी अशा दोघींना ओळखतो.

संपादक महाशय, आपल्याला विनंती अशी की त्या उत्तराची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. वाटणी न झालेल्या मिळकतीत हिस्सा मागायला मुदत नसते, पण हिस्सा नाकारल्याचे कळले की त्या दिवसापासून बारा वर्षांत दावा करावाच लागतो, एवढे दोन ओळींत मावते. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने कोणी नकार दिला होता का, आणि कधी, हे लिहिले नव्हते. उत्तर देणाऱ्याने आधी तेच विचारायला हवे होते.

माझ्या घरातले दुसरे माणूस, ज्याचे नाव कागदावर नव्हते, ते धाकटे काका. तेही आता नाहीत. त्यांची मुलगी विरारला असते. २०२४ च्या गणपतीत तिने थोरल्या भावाला हिश्श्याबद्दल विचारले, त्याने फोनवर तिला नाही म्हणून सांगितले. तिची मुदत अजून पुष्कळ आहे, पण काकूचीही होती. या जानेवारीत मी तिला पत्र लिहिले. घर, आगर, कुणगे आणि कलमे यांत तुझ्या वडिलांचा आणि म्हणून तुझा हिस्सा आहे, तो मला माझ्यापुरता मान्य आहे, असे. खाली पूर्ण नाव, तारीख, सही. त्यातच लिहिले की माझ्या सहीने थोरला भाऊ बांधला जात नाही, म्हणून या कागदावर विसंबू नकोस, दावा दाखल कर आणि मला प्रतिवादी कर, मी हिस्सा कबूल करीन. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवले. ते पोचल्याचा तिचा फोन चौथ्या दिवशी आला.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(घरच्या इतर माणसांसाठी नाव छापू नये, ही विनंती.)